काट्यांचे कुंपण

एका थंड मुलखातल्या जंगलात, ओढ्याच्या वरच्या अंगाला एक साळिंदर आपल्या बायकोसह राहत असे. पूर्वी तिथे अस्वलाचे राज्य होते. ते मोडले, अस्वल डोंगरापलीकडे गेले आणि जंगल हरणांच्या हाती आले. हरणे पुष्कळ, साळिंदरे मूठभर. हरणांनी पहिलाच नियम केला, की सभेत बोलायचे ते हरणांच्याच बोलीत. कुणी साळिंदर बोलायला उठले, की हरणांचा म्हातारा पुढारी म्हणे, "नीट बोला, नाहीतर खाली बसा."

एक दिवस आपले साळिंदर चिडले आणि त्याने जातभाईंचा पक्ष काढला. जंगल वेगळे करायचे ठरले. साळिंदरांची जुनी चाल अशी, की हद्द आखायची ती स्वतःच्या अंगचे काटे रोवून.

"अहो, एवढ्या हद्दीला काटे पुरतील का?" साळिंदरीण म्हणाली.

"सगळ्यांनी सगळे दिले तर पुरतील. माझे दिले. आता तुझे काढ."

"आणि अस्वल आले तर?"

"अगं वेडे, तेच तर आपली राखण करणार आहे! शब्द दिलाय त्याने."

वाद घालून ती थकली होती. ती पाठ करून बसली. त्याने एकेक काटा उपटला.

कुंपण झाले, गाणी झाली. पहिला बर्फ पडला तसे अस्वल राखणीला आले आणि बिळे उकरू लागले. साळिंदर पुढे झाले. "महाराज, हद्द तिकडे आहे, ओढ्यापाशी."

"ठाऊक आहे," अस्वल हसले. "म्हणून तर मी इकडे आहे."

साळिंदराने जन्माच्या सवयीने पाठ फिरवली आणि अंग फुलवले. फुलायला काही नव्हते. अस्वलाने एकच पंजा मारला.

साळिंदरीण कशीबशी कुंपणापर्यंत आली. पलीकडे तोच म्हातारा पुढारी उभा होता. ती आपल्या बोलीत म्हणाली, "माझा धनी गेला."

नीट बोला, असे तो म्हणाला नाही. म्हणाला, "इकडे या, वहिनी." तो तोंडाने काटे उपटू लागला. ओठ रक्ताळले, तरी थांबला नाही. त्यांतला धन्याचा एक काटा तिने ओळखला. तेवढा तोंडात धरून तिने ओढा ओलांडला.

तात्पर्य : शेजाऱ्याचे म्हणणे वेळेवर ऐकले नाही, तर मध्ये कुंपण उभे राहते, आणि अंगचे सगळे काटे कुंपणाला दिले, तर दारात आलेल्या अस्वलापुढे पाठ उघडी पडते.