अकराव्या खोडाखालची पाचर

जरा इकडे सरका. उन्हात उभं राहून काही दिसायचं नाही, त्या काजूच्या सावलीतून वर बघा. दोन डोंगरांच्या मधल्या ह्या घळीवरून माडाची अठरा खोडं एकाला एक जोडून नेलेली दिसतायत ना, तो धामोळ्याचा पाट. खोडं आतून कोरलेली आहेत आणि त्यांच्याखाली किंजळीच्या लाकडाचे खांब आहेत. पलीकडच्या डोंगरातल्या कोंडीत अडवलेलं पाणी त्यातून चालत येतं आणि ह्या भरडावर, म्हणजे चढावरच्या तांबड्या जमिनीवर, पावसाळा संपल्यावरही भात पिकतं. पंप नाही, वीज नाही. लोक लांबून बघायला येतात, फोटो काढतात आणि 'येसूचा पाट' असं म्हणत परत जातात. म्हणोत बापडे. मी दत्ताराम मेस्त्री, पोस्टातून निवृत्त झालेला माणूस. गोष्ट सांगायचं काम माझ्याकडे आणि नाव मात्र येसूचं घ्यायचं, असा हा मामला आहे. गुणो मेस्त्री आमच्या घराण्याचा मूळपुरुष. त्याच्याशिवाय ही गोष्ट उभी राहत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

किती पिढ्या झाल्या ते कुणाला सांगता येत नाही. तेव्हा धामोळं हे दारिद्र्याचं गाव होतं. भरडावर पावसात नाचणी आणि वरी व्हायची, तीही जेमतेम. झोडणी संपली की माणसं बायकापोरांसकट घाटावर चालू पडायची, गुऱ्हाळावर मजुरी करायला. दारं काट्यांनी बंद करून जायची. जायची तेवढी सगळी परत येत नसत, असं सांगतात.

गावात एकच माणूस पोटभर जेवत होता आणि तो म्हणजे गुणो मेस्त्री. सुतारकामात त्याचा हात धरणारा दहा गावांत नव्हता. देवळाचे खांब त्याचे, पालखी त्याची, गावकराच्या, म्हणजे गावच्या प्रमुखाच्या, दाराची चौकट त्याची. नवीन काम उभं राहिलं की पहिला नारळ गुणोच्या हातात, असा मान होता. खालच्या व्हाळातलं, म्हणजे ओढ्यातलं, पाणी वर काढायला त्याने लाटही उभी केली होती. लांब वासा, एका टोकाला दगड, दुसऱ्या टोकाला पाणी उपसायचं लाकडी कोळंबं. तिच्यावर तीन घरांची मिरची आणि तांबडी भाजी निघायची. गाव म्हणायचं, ह्याच्यापुढे अक्कल चालत नाही. आणि गुणोला ते मनापासून पटलेलं होतं.

येसू ही खालच्या वाडीतली. नवरा घाटावर तापाने गेला, पदरात दोन मुली. ती समुद्राकडच्या गावात पोफळीच्या बागेत मजुरीला राहिली होती. तिथे झाडांना पाणी पन्हळातून द्यायचे, ते तिने दोन वर्षं रोज बघितलं. परत आली ती एक पितळेची परात घेऊन, आणि देवळासमोर गाव बसला होता तिथे सरळ म्हणाली, "पाणी उचलूचा कशाक? वरच्या कोंडीतच धरूया. ता आपल्या पायान येतला."

लोक हसले. गुणो हसला नाही, कारण तिचं बरोबर आहे हे त्या बैठकीत त्या एकट्याला कळलं होतं. इतकी वर्षं तो पाणी खालून वर ओढत बसला आणि ही बाई म्हणते ते वरून खाली येऊ द्या. हे आपल्याला का सुचलं नाही? त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही म्हणे.

गावकराने परवानगी दिली, पण माणसं द्यायला तयार नव्हता. शेवटी आठ घरं तिच्यामागे उभी राहिली. येसूची मोजायची रीत साधी होती. परात काठोकाठ भरायची, दगडावर ठेवायची, डोळा पाण्याच्या पातळीला लावायचा आणि समोरच्या डोंगरावर नजर जिथे टेकेल तिथे खूण करायची. मग त्या खुणेपासून दर दहा हाताला एक बोट उतार. बोटभर जास्त झाला तर पाणी माती कापत जातं, कमी झाला तर जागच्या जागी बसतं. डोंगराच्या कुशीने असा पाऊण कोस पाट तिने खणवला. राहिली ती ही घळ. खांब उभे करायला गावकराने गुणोला बोलावलं, तर तो म्हणाला, "दुसऱ्याच्या मापान मी वाकस चालवणय नाय." वाकस म्हणजे सुताराची तासणी. मग आठ घरांनी मिळून, जमेल तसे, खांब उभे केले.

रोज संध्याकाळी गुणो काहीतरी निमित्त काढून घळीकडे यायचा आणि लांबून बघायचा. जोड ओबडधोबड होते, माती आणि पेंढ्याने लिंपलेले. ते बघून त्याला बरं वाटायचं. पण उतार बघितला की तो चडफडत परत फिरायचा, कारण उतारात खोट काढायला जागा नव्हती. पोरंसुद्धा आता त्याच्या लाटेकडे फिरकत नव्हती, परातीभोवती जमायची. आम्हां मेस्त्र्यांना हा आजार आहे आणि तो अजून गेलेला नाही, हे मी कबूल करतो.

आता अडचणीचं काय होतं ते नीट ऐका. आठ घरं त्या वर्षी घाटावर गेली नाहीत. म्हणजे मजुरी नाही. घरात जे शेवटचं बियाणं होतं ते त्यांनी भरडावर पेरलं आणि बायकांनी व्हाळातून घागरी वाहून त्याची रोपं वीतभर केली. मार्गशीर्षातल्या जत्रेनंतर चार-पाच दिवसांत पाटाला पाणी आलं तर लावणी होणार. नाही आलं तर रोपं जळणार, बियाणं जाणार, आणि गुऱ्हाळांवर एव्हाना दुसरी माणसं लागलेली. मग पावसापर्यंत खायचं काय, ह्याला उत्तर नव्हतं. गुणोला हे सगळं माहीत होतं. तरी त्याने केलं ते केलंच.

जत्रेच्या दिवशी टळटळीत दुपारी सगळा गाव देवळात होता. गुणो एकटा घळीत उतरला, खांबावर चढला आणि अकराव्या खोडाच्या पुढच्या टोकाखाली त्याने एक पाचर बसवली. एका बोटाची, म्हणजे त्या खोडाचा उतारच जाईल एवढी. किंजळीचीच, रंधून गुळगुळीत केलेली, वर तांबडी माती चोळलेली. खांब तिथेच संपतो असं वाटावं इतकी ती बेमालूम होती.

दुसऱ्या दिवशी कोंडीचं तोंड उघडलं. पाणी डोंगराच्या कुशीने झुळझुळत आलं, घळीवर चढलं, दहा खोडं ओलांडली आणि थांबलं. दहाव्या जोडावरून खाली सांडू लागलं. लोकांनी मग आपल्या सवयीने एक चूक केली. सांडतंय म्हणजे जोड फुटलाय असं धरून ते जोड लिंपत बसले. माती, पेंढा, शेण, पुन्हा माती. दहाव्या जोडाचं वारूळ झालं, पण अकराव्याखाली बघायचं कुणाच्या मनात आलं नाही. येसूला वाटलं आपल्या परातीने दगा दिला. ती तीन दिवस पलीकडच्या काठावर तीच मापं परत परत घेत राहिली आणि मापं तर बरोबर येत होती. इकडे रोपांचे शेंडे पिवळे पडले.

चौथ्या दिवशी घाडी, म्हणजे देवाला गाऱ्हाणं घालणारा, घळीशी आणला. त्याने कौल लावला आणि सांगितलं की घळीचा राखणदार देवचार रागावलाय. आपल्या डोक्यावरून पाणी नेलेलं त्याला खपत नाही. खोडं उतरवा आणि त्या बाईला मुलींसकट गावाबाहेर काढा.

लोकांना ते पटलं. गावकर मान हलवत म्हणाला, "खरा आसा. पाणी धा खोडा बरा येता नि थयच रवता. ह्या काम माणसाचा न्हय. माणसाच्या हातान इतका बारीक काम होवचाच नाय."

गुणो मागे उभा होता. त्याला जे हवं होतं ते सगळं झालं होतं. गप्प घरी गेला असता तर येसू गेली असती, पाट मोडला असता आणि लाट पुन्हा गावात मोठी झाली असती. येसू तर मुलींचे हात धरून उभी होती. पण गावकराचं ते वाक्य गुणोच्या काळजात घुसलं. जन्मातलं सगळ्यात नाजूक काम त्याने केलं होतं आणि ते जात होतं देवचाराच्या नावावर! बाईचा मत्सर त्याने वर्षभर गिळला, देवचाराचा त्याला घडीभर गिळता येईना.

"देवचाराक कधी वाकस धरूक येता?" तो ओरडला. "ती पाचर माझी आसा! अकराव्या खोडाखाली. जावन बघा!"

मग काय झालं असेल ते तुम्हीच समजा. आठ घरांतले पुरुष त्याच्या अंगावर धावले. त्यांना येसूने अडवलं नाही, कारण ती तिथे नव्हतीच. ती तोवर खांबावर चढली होती. वर बसून तिने ती पाचर बोटांनी चाचपली, पुन्हा चाचपली. वर्षभर ती चिखलपेंढ्याने जोड बुजवत आली होती आणि इथे एक नख जाईल एवढी फट नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. दयेचं नव्हे, कौतुकाचंही नव्हे. असं काम आपल्याला येत नाही, ह्या जळफळाटाचं. आमच्या घरात तरी असंच सांगत आले आणि माझा त्यावर विश्वास आहे.

वरूनच ती म्हणाली, "सोडा त्येका. एका बोटाचो फरक वळखणारो मी वरीसभर सोदतंय. हो हयच होतो मेलो."

पाचर काढायला गुणोलाच वर चढावं लागलं. फुटलेल्या ओठाने त्याने ती उपटली आणि पाणी त्याच्या हाताखालून सरसरत पुढे गेलं. अठरावं खोड ओलांडून ते भरडावर पडलं तेव्हा बायका शेताच्या कुणग्यांमध्ये बसून रडल्या. खाली उतरल्यावर त्याने येसूकडे बघितलं. माफी मागेल असं लोकांना वाटलं होतं.

"दर वर्साक एक पाचर मारतलंय," तो म्हणाला. "सोदून काढ."

"मार, मेस्त्र्यांनू," येसू म्हणाली.

त्या वर्षी आठ घरांनी चैत्रात नवं भात कांडलं. दुसऱ्या वर्षी बावीस घरं राहिली. पाचव्या वर्षी घाटावर कुणी गेलंच नाही. आजूबाजूच्या गावांची माणसं पराती घेऊन माप शिकायला येऊ लागली, आणि खांब-जोड शिकायला गुणोकडे. आपल्याकडे चार माणसं जास्त यावीत म्हणून दोघंही जीव तोडून शिकवायची. ह्या पट्ट्यातली भूक अशी गेली, असं सांगतात.

आजही मार्गशीर्षात पाट साफ केला की पाणी सोडायच्या आदल्या दिवशी आमच्या घराने त्यात एक खोट करून ठेवायची आणि येसूच्या घराने ती शोधायची. सापडली तर नारळ त्यांचा, नाही तर आमचा. एकेचाळीस वर्षं मी हे करतोय. नारळ चार मिळालेत.

आता येसूच्या घरातून हर्षदा येते. जिल्ह्याच्या गावी पाण्याच्या खात्यात इंजिनिअर आहे. रजा काढून येते आणि चहा निवायच्या आत माझी वर्षाची मेहनत शोधून दाखवते. माझा मुलगा तिचं कौतुक करतो, ते तर मला मुळीच सोसत नाही. म्हणून परवाच्या मार्गशीर्षात मी एक डाव केला. काहीच केलं नाही. एकही पाचर मारली नाही. म्हटलं, शोध आता.

सकाळी गेली ती दुपार कलल्यावर माझ्या दारात आली. हात कोपरापर्यंत चिखलात. म्हणाली, सात सापडल्या. दोन खोडं तडकलेली, तीन जोड सुटलेले, एका ठिकाणी उतार खचलेला, आणि चौदाव्या खोडाखालचा खांब आतून भुगा झालेला. पाणी सोडलं असतं तर आठवड्याभरात तो बसला असता आणि वरची चार खोडं घेऊन घळीत गेला असता. साठ घरांची रोपं भरडावर उभी होती.

"काकानू," तिने विचारलं, "ह्यातली तुमची खयची?"

खरं सांगायला हवं होतं. पण सातांतली एकही माझी नाही, हे तोंडातून निघेना. मी त्यातल्या त्यात अवघड होता तो खांब दाखवला. म्हटलं, "ह्यो."

ती म्हणाली, "काकानू, खांब कुसाक तीन पावस लागतत."

"तीन वर्सांआधीच मारून ठेवलंय," मी म्हणालो.

तिने नारळ पायरीवर ठेवला, कोपऱ्यातला वाकस उचलून माझ्या हातात दिला आणि घळीकडे चालायला लागली. अंधार पडायच्या आत आम्ही दोघांनी तो खांब बदलला. वर्षानुवर्षं मी बिघडवत आलो, दुरुस्त करायची ही पहिलीच वेळ. दुसऱ्या दिवशी पाणी पोचलं.

तो बघा, चौदाव्या खोडाखालचा, नवा दिसतोय तो. जवळ जाऊन बघितलंत तर कळेल. माझ्या बाजूने अगदी ओळंब्यात, सरळ आहे. तिच्या बाजूने किंचित कललाय.