सतरावा कागद

दूध संघाच्या फाटकावर मी एकतीस वर्षं काढली. छापील पास हातात पडल्याशिवाय टँकर सोडायचा नाही, हा नियम. त्या दुपारी टँकर भरून उन्हात उभा होता आणि पास निघेना. मी कचेरीत गेलो. कारकून वत्सला ढेंबरेने सोळा वेळा बटण दाबलं होतं.

आमचे संगणक जिल्ह्याच्या मुख्य कचेरीतल्या सर्व्हरवर चालतात. तिने तिथल्या बडवे इंजिनिअरांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"बाई, सोळाही पास छापून झालेत. माझा सर्व्हर खोटं बोलत नाही. तुम्हीच वायर ओढली असणार. दूध नासलं तर नोकरी विसरा!"

वत्सला शांतपणे म्हणाली, "छापलेत ना साहेब? मग सतरावा कागद पाठवते."

तिने चार ओळी टाइप करून बटण दाबलं. आमचा प्रिंटर गप्पच. थोड्या वेळाने फोनमधून दार आपटल्याचा आवाज आला. मागोमाग तिथेच बसणारे संघाचे कार्यकारी संचालक गरजले.

"बडवे, तासभर हे पास माझ्या खोलीत का निघतायत? आणि हे ऐका: 'हा कागद ज्यांना मिळेल, त्यांनी बडवे साहेबांना सांगावं की सर्व्हर खरं बोलतो. पास छापलेत. सर्व्हरला आमच्या प्रिंटरचा पत्ता तेवढा द्यायचा राहिलाय. वत्सला ढेंबरे.'"

मग बडव्यांचा आवाज आला, इतका बारीक की मी ओळखलाच नाही.

"ताई, आता बघा बरं."

अठरावा कागद आमच्या प्रिंटरमधून निघाला.