नीलक माळ्याचा हातगुण

गोदावरीच्या काठी, अस्सक देशातल्या एका नगरात विमलसेन राजाचा अंमल होता, त्या काळी बोधिसत्त्व तिथल्या एका माळ्याच्या घरी जन्मला होता. लोक त्याला नीलक म्हणत. त्या नगरात घर लहान असो की मोठे, मागे परस असायचाच, आणि परसात दुधी, दोडका, कारले, वाल यांचे वेल असायचेच. थंडी ओसरू लागली की बी पेरायचे दिवस येत, आणि मग नीलकाला क्षणाची उसंत मिळत नसे. प्रत्येक घराला बी त्याच्याच हातचे हवे असे. "नीलकाच्या हाताला गुण आहे," असे लोक म्हणत. त्याने पेरले की उगवलेच. त्याबद्दल त्याला घरोघरी पायलीभर तांदूळ आणि एक नवे वस्त्र मिळे.

आता हा गुण कसला होता, तेही सांगितले पाहिजे. नीलक प्रत्येक घरचे बी चार दिवस आधी आपल्याकडे आणवून घेई आणि पाण्यात टाकी. भरीव बी तळाला बसे, पोचट वर तरंगे. तळचे बी तो भिजू देई, मग ओल्या फडक्यात बांधून भाताच्या तुसात उबेला ठेवी. पांढरा मोड डोकावला की त्या घरी जाऊन, मोड खाली करून, बोटाच्या एका पेराएवढ्या खोल मातीत पेरी. एवढेच. पेरण्यापूर्वी तो डोळे मिटून क्षणभर उभा राही, ते त्याला बापाने शिकवले होते. लोकांना ते फार आवडे. भिजवण्याबांधण्याविषयी मात्र तो चकार शब्द काढत नसे.

बोधिसत्त्वाच्या हातून त्या जन्मी ही चूक झाली, आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. कारण त्या चुकीचे भोग दुसऱ्याच कोणाच्या वाट्याला येत होते.

नगराच्या टोकाला तिलका नावाची बाई राहत होती. नवरा वारला होता, मूलबाळ नव्हते, चटया विणून ती पोट भरत असे. पेरणीच्या दिवसांत ती नीलकाच्या दारी येई. वर तरंगलेले बी तो सुपात काढून उकिरड्यावर टाकायला ठेवी. "दादा, टाकणारच असाल तर मी नेऊ का?" ती विचारी. "ने की," तो म्हणे. ती ते बी पदरात बांधून नेई, माती भुसभुशीत करी, नदीवरून पाणी आणून घाली, आणि रोज सकाळी वाकून वाकून पाही. तीन वर्षे तिच्या परसात एक हिरवे पान दिसले नाही.

ते बी पोचट आहे हे नीलकाला ठाऊक होते. पण तिला सांगायचे तर पाण्याची गोष्ट सांगावी लागली असती, आणि ती एकीला सांगितली की नगरभर झाली असती. म्हणून तो गप्प राहिला. शेजारणींनी मात्र तिचा उघडा परस पाहिला आणि काय ते ठरवून टाकले. एखाद्याच्या हाताला गुण असतो, तसा एखाद्याच्या हाताला दोषही असणार. मग तिच्या हातचे पाणी नको झाले. बी वाळत घातलेले असले की तिला पाहून बायका ते घाईघाईने आत नेऊ लागल्या. कोणी तिला एकदाही विचारले नाही की, बाई, तू पेरतेस ते बी कुठून आणतेस?

त्या वर्षी नीलकाने राजपुरोहित अग्निदत्त याच्या परसात बी पेरले. त्याच दिवशी तिलका तिथे चटई पोचवायला गेली होती. पुरोहिताची बायको कामात होती. तिने सांगितले म्हणून तिलकेने वाफ्याला एक घागर पाणी घातले आणि ती निघून गेली. पुढे काय झाले ते त्या घरातल्या सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. आपले वेल सर्वांच्या आधी वर यावेत म्हणून पुरोहित सकाळ-संध्याकाळ वाफ्यावर पाच पाच घागरींचा अभिषेक करवी आणि वर दूध ओती. वाफ्याचा चिखल झाला, त्यात बेडूक येऊन बसू लागले, बी कुजून गेले. तरी दोष चिखलाचा ठरला नाही, दुधाचा ठरला नाही, आणि पुरोहिताचा तर नाहीच नाही. दोष तिलकेच्या एका घागरीचा ठरला.

पुरोहित तणतणत राजाकडे गेला. "महाराज, या बाईच्या हाताने आज माझा परस बुडाला, उद्या राजवाड्याची बाग बुडेल. हिच्या उजव्या तळहातावर तापल्या सळईचा डाग द्या आणि हिला नदीपार घालवा. म्हणजे पलीकडची माणसे तरी हिला ओळखतील."

राजा विमलसेन दुष्ट नव्हता. पण त्याला विचार करण्याचा कंटाळा होता, आणि कंटाळलेला राजा शेजारी जो बोलेल त्याचे ऐकतो. तो म्हणाला, "नीलक माळ्याला बोलवा. गुणी हातालाच दोषी हात ओळखता येईल."

राजवाड्याच्या अंगणात शेगडी पेटली होती आणि तिच्यात सळई लाल होत होती. सगळे नगर जमले होते. राजा म्हणाला, "नीलका, हिचा हात पाहा आणि सर्वांसमोर सांग. उद्यापासून राजवाड्याची बाग तुझ्याकडे, आणि नदीकाठचे एक गाव तुला इनाम."

पुरोहित हळूच त्याच्या कानाशी लागला. "हो म्हण आणि मोकळा हो."

तिलकेने हात पुढे केला. "बघा दादा. चटया विणून घट्टे पडलेत. बाकी काय आहे ह्यात?"

बोधिसत्त्वाने तो हात पाहिला, आणि त्याला भयंकर राग आला. पुरोहिताचा नंतर आला, आधी स्वतःचा आला. तो वळून म्हणाला, "महाराज, हिच्या हातात दोष नाही, कारण माझ्या हातात गुण नाही. मी बी पाण्यात टाकतो, बुडते ते ठेवतो, तरंगते ते फेकतो. फेकलेले ही उचलून नेते. बी पोचट आहे हे तीन वर्षे मला ठाऊक होते आणि मी बोललो नाही. पुरोहितांचे बी पाण्यात कुजले. ते मी पेरले तेव्हा चांगले होते."

अंगणात एकच गलका उडाला. पुरोहित ओरडला, "मग इतकी वर्षे आमच्या घरचे तांदूळ कशाचे खाल्लेस?"

"लबाडीचे," बोधिसत्त्व म्हणाला. "माझ्या लबाडीवर विश्वास ठेवू नका असेच तर मी सांगतो आहे. पारखून पाहा."

मग त्याच अंगणात एक वाफा केला आणि मध्ये काठी टाकून त्याचे दोन भाग केले. एका भागात तिलकेने आपल्या हाताने बुडालेले, भिजवून मोड आणलेले बी पेरले. दुसऱ्या भागात नीलकाने, ज्या हाताची नगरभर ख्याती होती त्या हाताने, तरंगलेले बी पेरले. माती एक, घागर एक, ऊन एक. राजाने पहारा बसवला. आठव्या दिवशी सगळे पुन्हा जमले, तेव्हा तिलकेचा भाग हिरवागार झाला होता. दुधीची जाड पाने माती सारून वर आली होती, एकदोन रोपांवर बियांची टरफले अजून अडकलेली होती. नीलकाचा भाग कोरा होता. शिपायांनी उकरून पाहिले तर रिकामी टरफले हाती आली.

आता लोक खाली माना घालतील असे कोणालाही वाटेल. तसे झाले नाही. "तिलकेच्या हाताला गुण आला!" असा ओरडा झाला. आठ दिवसांपूर्वी तिची सावली चुकवणाऱ्या बायका तिचा हात धरायला धावल्या. कोणी तो डोळ्यांना लावला, कोणी "आधी आमच्याकडे ये गं" म्हणून तिला ओढू लागली. आणि पुरोहिताने संधी साधली. तो म्हणाला, "नीलकाचा गुण पापाने गेला. आता दोष ह्याच्या हातात उतरला आहे. डाग ह्यालाच द्या!"

"द्या! द्या!" लोक ओरडले.

सांगतानासुद्धा संताप येतो. पुरावा डोळ्यांसमोर मातीतून वर आलेला होता, आणि त्यातून त्या माणसांनी काय घेतले, तर भाजायला नवा हात!

बोधिसत्त्वाने स्वतःहून तळहात पुढे केला. "महाराज, लबाडीची शिक्षा म्हणून डाग द्या, मी हात मागे घेणार नाही. पण हाताचा दोष म्हणून देऊ नका. तसे केलेत तर पुढच्या वर्षी ही सळई तिसऱ्याच कोणासाठी तापेल."

"सोडा माझा हात!" तिलका बायकांवर ओरडली. इतकी वर्षे खाली मान घालून चालणारी ती बाई राजासमोर ताठ उभी राहिली. "आठ दिवसांपूर्वी हाच हात होता माझा. तेव्हा तो भाजायला निघाला होतात. आज त्याच्या पाया पडता? लाज वाटत नाही तुम्हाला?" मग ती नीलकाकडे वळली. "आणि दादा, तुम्ही. तीन वर्षे मी माती उपसली, पाणी वाहिले, आणि तुम्ही बघत राहिलात. हे मी विसरणार नाही." ती राजाला म्हणाली, "महाराज, ह्यांनी वाईट केले ते माझे केले. तेव्हा शिक्षा मी सांगते. ह्यांना डाग नको. ह्यांनी घरोघर जाऊन प्रत्येकाला आपापल्या हाताने बी भिजवायला आणि पेरायला शिकवायचे, आणि त्याचा तांदळाचा एक दाणाही घ्यायचा नाही. सुरुवात पुरोहितांच्या घरापासून."

राजाने पुरोहिताकडे पाहिले. पुरोहित बोलू लागला तेव्हा त्याने हाताने त्याला थांबवले आणि बहुधा जन्मात पहिल्यांदाच स्वतः विचार केला. "शेगडी विझवा," तो म्हणाला. "ही बाई सांगते तसे होईल."

तसे झाले. काही घरांनी नीलकाच्या तोंडावर दार लावले, काहींनी शिव्या दिल्या. तो पुन्हा पुन्हा गेला. दोन वर्षांत नगरातले प्रत्येक घर आपले बी आपण पेरू लागले आणि नीलकाला कोणी बोलावीनासे झाले. तो स्वतःच्या परसातल्या भाजीपाल्यावर राहिला. तिलका त्याच्याशी बोलू लागली, पण फार नाही.

ही गोष्ट पुढे बुद्ध झालेल्या बोधिसत्त्वाने, म्हणजे शास्त्यांनी, विहाराच्या अंगणात जमलेल्या भिक्षूंना आणि उपासकांना सांगितली. त्याच दिवशी सकाळी सोमिला नावाची वृद्ध उपासिका विहाराच्या बागेत भाजी लावायला आली होती, आणि ती विधवा म्हणून तिच्या हातातली बियांची टोपली काढून घेण्यात आली होती.

गोष्ट संपवून शास्ते म्हणाले, "त्या वेळची तिलका म्हणजे ही सोमिला. पुरोहित म्हणजे ज्याने हिची टोपली ओढून घेतली तो. राजा म्हणजे बागेचा कारभारी. तो जवळच उभा होता आणि काही बोलला नाही. नीलक माळी मी होतो. आणि दोन्ही वेळा ओरडणारे नगरातले लोक म्हणजे तुम्ही सगळे."



"ज्या खोट्यावर आपलाच मान आणि आपलेच घर चालते, ते खोटे आपल्या तोंडाने मोडणे, याला सत्यपारमिता म्हणतात," शास्ते म्हणाले. "मला ती तीन वर्षे उशिरा सुचली. आता उठा, आणि हिची टोपली हिला परत द्या."