शेजारची पट्टी खाली कशी पडली

संगणकाचे पडदे पेटीएवढे जाड असायचे, तेव्हाची ही गोष्ट. हेमांगीने गुरांच्या दवाखान्याचं वेबपान बांधलं. एचटीएमएलने चौकटी मांडल्या, सीएसएसने रुंदी दिली: मजकुराला सत्तर टक्के, शेजारच्या पट्टीला तीस. पट्टीचं काम एकच, डॉक्टरांचा फोन नंबर धरून उभं राहायचं.

मजकूर कुरकुरला, "ताई, माझी अक्षरं कडेला घासतात. आतून थोडी मोकळी जागा दे ना."

हेमांगीने दोन्ही बाजूंना वीस-वीस पिक्सेल दिले आणि पान लोकांसाठी खुलं केलं. ते पिक्सेल सत्तर टक्क्यांच्या वर जाऊन बसले आणि मजकूर ऐसपैस फुगला. ओळीत पट्टीला जागा उरली नाही. ती घसरली आणि लांबलचक मजकुराच्या पार खाली जाऊन पडली.

"अरे, मला वर घ्या! इथे कोण बघणार?"

"मी धक्कासुद्धा लावला नाही," मजकूर म्हणाला. "माझं माप अजून सत्तरच आहे."

"मग ती मोकळी जागा कुणाच्या वाट्यातली?"

तेवढ्यात सायबर कॅफेत दत्ताराम घाडींनी पान उघडलं. घरी त्यांची म्हैस विताना अडली होती. कपाळावरचा घाम पुसत ते पुन्हा पुन्हा तेच वाचत होते. "नुसतं 'सदैव तत्पर, सदैव तत्पर'! अहो, नंबर कुठाय?"

मजकूर ओरडला, "ताई, ती जागा माझ्या सत्तरातूनच काप. लवकर!"

हेमांगीने कापली. पट्टी धापा टाकत वर आली.

"आता दिसतोय का हो नंबर?" पट्टीने विचारलं.

कॅफेतली खुर्ची रिकामी होती.