भिवाचा मुखवटा

फार मागे कुरणावती नावाचा हरणांचा एक देश होता. तिथे सणासुदीला पडद्यावर सिनेमा लागे. सिनेमातल्या वाघाचं काम भिवा सांबर करी. सिनेमा संपला की अंगावर पट्टे रंगवलेला भिवा पडद्यामागून येई, डरकाळी फोडी, मग मुखवटा काढून पाडसांना कोवळं गवत वाटे.

एक म्हातारी हरिणी सिनेमा काढणाऱ्या काळविटाला म्हणाली, "अरे, वाघ दिसला की पळायचं, एवढं तरी शिकवा पोरांना."

"आजी, घाबरलेलं पोर पुन्हा सिनेमाला येत नाही," काळवीट हसत म्हणाला.

पुढच्या सणाला सिनेमा संपला. भिवा अजून पडद्यामागे मुखवटा चढवत होता, तेवढ्यात गवतातून खराखुरा वाघ पुढे आला. पाडसं आनंदाने खूर आपटू लागली.

भिवा तसाच बाहेर धावला. "पळा रे! तो मी नाही!"

"आज दोन-दोन वाघ!" पाडसं ओरडली.

वाघाने पुढचं पाडस उचललं. बाकीची जागची हलली नाहीत. तो मुखवटा कधी काढतो, याचीच वाट बघत राहिली.