नगराध्यक्षांचा हिरवा पडदा

फार पूर्वी एका छोट्या शहरात मोर नगराध्यक्ष होता. एकदा शहर पाहायला राजाचा हत्ती येणार असं कळलं. त्याच्या वाटेवरच नाल्याकाठची वस्ती होती. तिथे शेळ्या, गाढवं आणि भटकी कुत्री अर्धपोटी राहत. मोराने वस्तीपुढे लांबलचक हिरवा पडदा बांधला.

"आता शहरात गरिबी दिसायची नाही," तो पिसारा फुलवून म्हणाला.

पडद्यामागे रखमी शेळीची दोन करडं सकाळपासून भुकेने ओरडत होती, पण तिला दूधच उतरत नव्हतं. तिने पडद्याचा कोपरा चावून पाहिला. बरा लागला. मग तिने शेजारणींनाही हाक मारली.

हत्ती आला तेव्हा पडद्याच्या नुसत्या दोऱ्या उरल्या होत्या.

मोर किंचाळला, "अगं सटवे, नगरपालिकेचा पडदा खाल्लास?"

"खाल्ला की," रखमी रवंथ करत म्हणाली. "इतक्या वर्षांत नगरपालिकेने आमच्या दारात आणलेली खाण्याजोगी वस्तू हीच पहिली, साहेब!"

हत्ती खो खो हसला. मग त्याची नजर करडांकडे गेली आणि स्वागताची मेजवानी त्याने वस्तीतच मागवली. त्या दिवशी सगळे पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी मोराने तातडीची सभा बोलावली. ठराव एकमताने मंजूर झाला: यापुढे पडदा पत्र्याचा.