खेकड्याचे जुने कवच

शके अठराशे बाराचा भाद्रपद होता. खाडीकाठचा तिवर पिवळा पडला होता. खेकडा वर्षभर त्याची पाने खाई आणि फेड म्हणून आपले टाकलेले कवच त्याच्या फांदीवर नीट वाळत ठेवी.

"हे मी चावू काय?" तिवर वैतागून म्हणाला. "चिखलात गाड ते."

"असले देखणे कवच घाणीत?"

"त्या घाणीतल्या जिवाणूंच्या रसानेच ते विरघळते, मग माझी मुळे ते पितात. किती वेळा सांगू, बाबा?"

"डोळ्यांना न दिसणारे जीव माझे कवच फोडणार?" खेकडा हसला.

"मग उद्यापासून खडक चाव. माझ्याकडे पान उरले नाही."

दोन दिवस उपाशी राहिल्यावर खेकड्याने मुकाट्याने कवच चिखलात दाबले. जिवाणूंनी ते हळूहळू विरवले. चैत्रात तिवराला हिरवी पालवी फुटली. फेड झाली.